लंडन डंजन पाहायला जाण्यापूर्वी

लंडन डंजनला संग्रहालय समजून गेलेल्या प्रेक्षकाची निराशा होण्याचीच शक्यता अधिक, कारण तेथे काचेच्या कपाटांतील प्राचीन वस्तू पाहायच्या नसून, अंधाऱ्या खोल्यांतून एका प्रसंगाकडून दुसऱ्या प्रसंगाकडे चालत जात नटांनी रंगवलेले, भय आणि चेष्टा यांचे मिश्रण असलेले नाट्य अनुभवायचे असते. १९७४ मध्ये टूली स्ट्रीटवर सुरू झालेले हे आकर्षण २०१३ पासून टेम्सच्या काठी, लंडन आय या प्रचंड फिरत्या चाकाशेजारच्या काउंटी हॉलमध्ये आहे. वॉटर्लू स्थानकावरून तेथे पायी जाता येते. प्रवेशाची वेळ निवडून तिकीट आधीच काढावे.

खरी तयारी मात्र इतिहासाची करावी. नट भराभर बोलतात, त्यांचे विनोद मूळ घटनांवर बेतलेले असतात आणि घटना ठाऊक नसेल तर केवळ आरडाओरडा कानी पडतो. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी संसद उडवून देण्यासाठी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे रचली होती आणि कटातला गाय फॉक्स त्यांच्यापाशीच पकडला गेला, एवढे माहीत असले तरी तो प्रसंग उलगडतो. १६६५ च्या प्लेगमध्ये मृत्यूंच्या अधिकृत नोंदपत्रकांत अडुसष्ट हजारांहून अधिक बळी नोंदले गेले. रोगी सापडलेल्या घराला बाहेरून कुलूप लावून दारावर तांबडा क्रॉस रंगवीत, आणि आतील निरोगी माणसेही त्यांच्यासोबत कोंडली जात. माझ्या मते कोणत्याही रंगभूषेपेक्षा ही गोष्ट अधिक भयंकर आहे.

जॅक द रिपरच्या दालनात शिरताना थोडे सावध असावे. १८८८ मध्ये व्हाइटचॅपल परिसरात झालेले स्त्रियांचे खून खरे आहेत, जॅक द रिपर या नावाने ओळखला जाणारा खुनी मात्र कधीच सापडला नाही. त्यामुळे तेथे सुचवले जाणारे सारे तर्कच समजावेत. स्वीनी टॉड हा गळे चिरणारा न्हावी तर एकोणिसाव्या शतकातील स्वस्त कथामालिकेतला आहे, पण त्याला खऱ्या घटनांच्या रांगेतच बसवल्यामुळे अनेकांची फसगत होते.

न्यायालयाच्या प्रसंगात प्रेक्षकांतूनच एखाद्याला आरोपी म्हणून पुढे ओढले जाते. आरोप हास्यास्पद असतात. लाजू नये, वादही घालू नये. अंधार, अचानक होणारे आवाज आणि बंदिस्त जागा सोसत नसतील, किंवा सोबत लहान मूल असेल, तर हा बेत रद्द केलेला बरा. शेवटच्या उंचावरून खाली सोडणाऱ्या पाळण्याला उंचीची अट असते; तो टाळता येतो.

बाहेर पडल्यावर शक्य असल्यास त्याच दिवशी मॉन्युमेंट स्थानकाजवळचा स्तंभ पाहावा. १६६६ च्या आगीच्या स्मरणार्थ उभारलेल्या या स्तंभाची उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे पुडिंग लेनमधील ज्या बेकरीत आग लागली तेथपर्यंतच्या अंतराएवढी ठेवली आहे, आणि ३११ पायऱ्या चढून वर जाता येते. त्याच्या पायथ्यावर आगीचा दोष कॅथलिकांच्या माथी मारणारे शब्द १६८१ मध्ये कोरले गेले होते. ते कायमचे खरवडून काढायला १८३० साल उजाडले.