पहिलं पुस्तक कोणतं लिहायचं? निवडताना या चुका टाळा

लालबाग-परळमध्ये वाढलेल्या आणि लिहायची ओढ असलेल्या माणसाला 'पहिलं पुस्तक कशावर?' असं विचारलं, की बहुतेकदा एकच उत्तर येतं: गिरणगावावर कादंबरी. आजोबा कोकणातून बोटीनं आले तिथून सुरुवात. मग वडिलांची गिरणी, १९८२चा संप, चाळीच्या जागी आलेला टॉवर आणि शेवटी नातू, म्हणजे लेखक स्वतः. विषय मोलाचा आहे, तळमळही खरी असते. पण नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचताना अशा कादंबरीची पहिली तीन-चार प्रकरणंच माझ्या हाती येतात, पुढची येत नाहीत. आजोबा भाऊच्या धक्क्यावर उतरतात, जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीनं गिरणीत लागतात आणि लिहिणं थांबतं.

यात आळसाचा भाग फार कमी असतो. आजोबांच्या काळातली मुंबई लेखकानं पाहिलेली नाही. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, पाळी कशी चालायची, बदली कामगाराला गेटवर किती वेळ थांबावं लागायचं, गावाहून आलेली माणसं खोलीत कशी झोपायची, हे प्रत्येक पानावर शोधावं लागतं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि दत्ता सामंत त्यांचे नेते होते, एवढी माहिती प्रसंग उभा करायला पुरत नाही. त्यातच तीन पिढ्यांचा काळ आणि पन्नासेक पात्रं सांभाळायची, तीही कादंबरी लिहायला शिकता शिकता.

थोडा हिशेब करून पाहा. पन्नास हजार शब्दांची कादंबरी डेमी आकारात साधारण १९० पानांची होते, छापखान्याच्या भाषेत सोळा-सोळा पानांचे बारा फॉर्म. रोज तीनशे शब्द, आठवड्यातून पाच दिवस लिहिलं, तर नुसता पहिला खर्डा व्हायला आठ महिने लागतात. तीन पिढ्यांची कादंबरी दीड लाख शब्दांकडे जाते, म्हणजे दोन वर्षं. बदलापूरहून सकाळची फास्ट पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसानं हा आकडा आधी कागदावर मांडावा आणि मगच ठरवावं.

पण म्हणून विषयच सोडा, असं मी कुणालाच सांगत नाही. त्याचा एक तुकडा कापून घ्या, असं सांगते. तुमचं बालपण ट्रान्झिट कॅम्पमध्ये, म्हणजे जुनी इमारत सोडल्यावर मिळालेल्या तात्पुरत्या घरात, गेलं असेल, तर तेच लिहा. 'दोन वर्षांत घर मिळेल' म्हणून गेलेलं कुटुंब तिथेच अडकून राहतं, शेजार तात्पुरता म्हणता म्हणता कायमचा होतो, आई नव्या भिंतीला खिळा ठोकू देत नाही कारण 'आपल्याला जायचंय'. हे तुम्हाला कुठे शोधायला जावं लागणार नाही. किंवा गिरणी बंद झाल्यावर वॉचमनचा गणवेश चढवलेले वडील, आणि तो गणवेश ते गल्लीच्या बाहेर गेल्यावर घालायचे, हे एवढंच. कामगारांची मुंबई मराठीत ठसठशीतपणे आणणाऱ्या लेखकांची पहिली पुस्तकंही महाकादंबऱ्या नव्हत्या. नारायण सुर्वे यांचा पहिला कवितासंग्रह १९६२मध्ये आला, बाबूराव बागूल यांचा पहिला कथासंग्रह १९६३मध्ये.

ऐतिहासिक कादंबरीचंही असंच होतं. बखरी, पत्रव्यवहार, जमलं तर मोडी, हे वाचन तुमचं आधीपासून असेल तर जरूर लिहा. 'कादंबरी सुरू केली की वाचू' असा बेत असेल, तर ते पुस्तक पहिलं धरू नका.

मनातल्या मनात ठरवणं

दोन-तीन कल्पना आहेत आणि त्यांतली कोणती घ्यावी कळत नाही, अशी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. माणसं यावर वर्षानुवर्षं विचार करतात, मित्रांना विचारतात, प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि गुंता वाढतो. लिहिल्याशिवाय हे कळत नाही.

प्रत्येक कल्पनेतला एक प्रसंग लिहून काढा, दीड हजार शब्दांचा. सुरुवातीचा मात्र नको, मधला घ्या. सुरुवात मनात इतक्या वेळा घोळवलेली असते की ती कुणालाही बरी लिहिता येते. मधल्या प्रसंगात पात्रं आधीपासून काहीतरी करत असतात, एकमेकांवर रुसलेली असतात, कुणाचं काहीतरी लपवून ठेवलेलं असतं. ते तुम्हाला ठाऊक आहे की नाही, हे तिथे लगेच उघडं पडतं.

मग आठवडाभर काही करू नका आणि लक्ष ठेवा. कोणत्या गोष्टीतली माणसं गाडीत उभं असताना आपणहून बोलायला लागतात? कुठला संवाद तुम्ही ठाणं येईपर्यंत फोनवर टिपून ठेवलात? लिहिताना पडलेल्या प्रश्नांचीही यादी करा. उत्तरं मावशीला, शेजारच्या काकांना किंवा जुन्या सहकाऱ्याला विचारून मिळणार असतील, तर काम आवाक्यातलं आहे. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागणार असतील, तर नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात किती शनिवार देता येतील, ते प्रामाणिकपणे ठरवा. ही संस्था १८९८पासून आहे आणि मुंबईत राहून तिचा उपयोग न करणं हे मोठं नुकसान आहे. पण तिथे बसायला वेळ लागतो.

आहे ते गोळा करून छापणं

फेसबुकवर टाकलेल्या कविता आणि स्फुटं जमली, कुणीतरी 'पुस्तक काढा' म्हणालं, पैसे भरले आणि प्रती घरी आल्या. अशा पुस्तकांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात पहिलेपणाची संधी खर्च होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही 'प्रथम प्रकाशन' हा वेगळा विभाग असतो: काव्यासाठी बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा. घाईनं काढलेला संग्रह तुमचं पहिलं पुस्तक म्हणून नोंदला जातो. त्या कवितांतल्या खरोखर चांगल्या वेगळ्या काढा, संपादकांकडे पाठवा आणि पुस्तकाचं नंतर बघा.

'सध्या काय खपतं' ते पाहून विषय घेणं तर अजिबात नको. दादरच्या दुकानात आज मांडलेलं पुस्तक लिहून, वाचून, छापून यायला बराच काळ गेलेला असतो. तुमचं येईल तेव्हा टेबलावर दुसरंच काही असेल. तीन भागांची मालिकाही नको, पहिला भाग एकट्यानं उभा राहील असा लिहा.

घरातल्या भांडणावरचं पुस्तक ही नाजूक गोष्ट आहे. खोलीचा वाटा, काकांनी केलेली सही, आजीचे गेलेले दागिने. अशा लेखनात धार असते आणि ते लिहिलं जावं असं मला वाटतं. फक्त एक प्रकरण लिहून तपासा की काकांना स्वतःचं म्हणणं मांडायला त्यात जागा मिळाली आहे का. प्रत्येक वाक्य त्यांना दोषी ठरवत असेल, तर ते लेखन वहीत राहू द्या आणि पहिलं पुस्तक म्हणून दुसरं घ्या.

चाळीस पानांवर अडकलात तर

लगेच नवी कल्पना धरू नका. पुढचा प्रसंग काय आहे ते माहीत असेल आणि तरी बसणं होत नसेल, तर निवड बरोबर आहे, वेळ चुकला आहे. रात्रीऐवजी पहाटे बसा किंवा गाडीत फोनवर लिहा. पुढे काय होतं ते माहीत नसेल, पण जाणून घ्यावंसं वाटत असेल, तर दहा पानं मागे जा. एखाद्या पात्राला तुम्ही फार लवकर शहाणं केलेलं असतं, तिथे दुरुस्ती करा. माहीतही नाही आणि कुतूहलही उरलेलं नाही, असं झालं तरच पुस्तक बदला.

आणखी एक शक्यता नवे लेखक विसरतात: गोष्ट तिथे संपलेली असते. चाळीस पानांत जे सांगायचं ते सांगून झालं असेल, तर ती दीर्घकथा आहे आणि मराठीत तिला हक्काची जागा आहे. 'मनोरंजन'नं १९०९मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि आजही कित्येक अंक दीर्घकथा छापतात. संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवू लागतात, तेव्हा मे-जूनमध्ये कथा पक्की करा, गेल्या वर्षीचे दोन-तीन अंक वाचून कुठे शोभेल ते पाहा आणि एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा.