स्मार्टफोन संकटात कामी यावा म्हणून: घरी करायची तयारी आणि रस्त्यावरची शिस्त

पावसाळ्यातील एका संध्याकाळी आंबा घाट उतरून साखरप्याकडे जात असताना वळणावर घसरून पडलेला एक दुचाकीस्वार आम्हाला दिसला. तो शुद्धीवर नव्हता, पण श्वास चालू होता आणि हेल्मेटमुळे डोके वाचले होते. १०८ क्रमांकावर फोन करून आम्ही रुग्णवाहिका बोलावली. मात्र तो कोण, कुठला, घरी कोणाला कळवायचे, हे सांगणारे तिथे कोणीच नव्हते. त्याच्या खिशात चांगला महागाचा फोन होता आणि तो लॉक होता. पंधरा-वीस मिनिटे तो फोन हातात धरून आम्ही नुसते उभे होतो. मग तो वाजला, स्क्रीनवर ‘आई’ असे नाव आले आणि तेव्हा कुठे त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याला पेनिसिलिन चालत नाही ही गोष्ट आम्हाला कळली.

ही सगळी माहिती लॉक न उघडता कोणालाही दाखवण्याची सोय आजच्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते, फक्त ती कोणीतरी आधी भरून ठेवावी लागते. जीव वाचवण्याच्या कामी येणाऱ्या फोनमधील बहुतेक सोयींची हीच गत आहे. त्या फुकट आहेत, फोनमध्ये आधीपासून आहेत आणि बहुतेकांच्या फोनमध्ये बंद पडून आहेत. घरी निवांत बसून अर्धा तास दिला तर पुढील सर्व तयारी होऊ शकते. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनसाठी आणखी अर्धा तास धरावा.

लॉक असलेल्या फोनवर दिसणारी माहिती

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ हा विभाग शोधावा. फोन इंग्रजीत असेल तर ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ असे नाव दिसेल. कंपनीनुसार शब्द थोडेफार बदलतात, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इमर्जन्सी’ असे टाकणे सर्वांत सोपे. तिथे वैद्यकीय माहिती आणि आणीबाणीचे संपर्क भरण्याची जागा असते. आयफोनमध्ये ‘हेल्थ’ अ‍ॅपमध्ये ‘मेडिकल आयडी’ भरावा आणि फोन लॉक असतानाही तो दिसावा यासाठीचे बटण चालू आहे ना, हे आवर्जून पाहावे. ते बटण बंद राहिले, तर भरलेली माहिती लॉक न उघडता कोणालाच दिसणार नाही.

भरायचे काय, याचा विचार डॉक्टरच्या नजरेने करावा. रक्तगट आपण सगळेच लिहितो, पण रुग्णालय रक्त चढवण्यापूर्वी तो तपासूनच घेते. त्याहून मोलाची माहिती म्हणजे कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह, अपस्मार किंवा हृदयविकार आहे का, आणि शरीरात पेसमेकर बसवला आहे का. संपर्क म्हणून किमान दोन माणसांचे क्रमांक द्यावेत आणि त्यांतील एक माणूस सहसा आपल्यासोबत प्रवास न करणारा असावा. पती-पत्नी एकाच गाडीत असतील, तर एकमेकांचे क्रमांक त्या वेळी कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. गोवा किंवा कर्नाटकात नेहमी जाणे-येणे असेल, तर औषधांची आणि आजारांची नावे इंग्रजी अक्षरांत लिहावीत, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांनाही ती वाचता येतील.

माहिती भरून झाल्यावर फोन लॉक करावा आणि घरातील दुसऱ्या माणसाच्या हातात देऊन, ‘लॉक न उघडता माझा रक्तगट शोधून दाखव,’ असे सांगावे. लॉक स्क्रीनवरील ‘इमर्जन्सी’ या शब्दावर बोट ठेवून पुढे जाता येते, हेच अनेकांना ठाऊक नसते, आणि उद्या दुसऱ्या कोणाचा फोन आपल्या हातात आला तरी हीच वाट उपयोगी पडते.

११२ आणि बाजूचे बटण

पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत यांसाठी देशभर ११२ हा एकच क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांकही चालतो, राष्ट्रीय महामार्गावरील अडचणीसाठी १०३३, रेल्वे प्रवासात १३९ आणि महिलांच्या मदतीसाठी १८१ आहे. संकटाच्या क्षणी एवढे सगळे आठवत नाही, म्हणून एकच लक्षात ठेवायचा असेल तर ११२ ठेवावा. आपल्या सिमकार्डाला रेंज नसली, तरी जवळ दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क असेल तर ११२ चा फोन त्यावरून लागू शकतो. घाटात ‘रेंज नाही’ असे दिसले तरी प्रयत्न सोडू नये, तो यासाठीच.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये पॅनिक बटणाची, म्हणजे बटण दाबताच आणीबाणीची मदत बोलावण्याची सोय बंधनकारक आहे. स्मार्टफोनमध्ये त्यासाठी पॉवरचे बटण पाठोपाठ दाबायचे असते. तीन वेळा की पाच वेळा, हे आपल्या फोनच्या ‘इमर्जन्सी एसओएस’ या सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. त्याच ठिकाणी फोन लागण्यापूर्वी काही सेकंदांची उलटी मोजणी ठेवता येते आणि आपल्या माणसांना आपले ठिकाण आपोआप पाठवण्याची सोयही अनेक फोनमध्ये असते. गावी आई-वडिलांकडे साधा बटणांचा फोन असेल, तर त्यातही ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यावर हीच मदत मिळण्याची तरतूद आहे. त्यांच्या फोनमध्ये यांपैकी कोणते बटण चालते, हे पुढच्या भेटीत बघून त्यांना दाखवून ठेवावे.

खिशात किंवा पर्समध्ये बटण दाबले जाऊन ११२ ला चुकून फोन लागला, तर घाबरून तो कापू नये. पलीकडच्या माणसाला ‘चुकून लागला, सर्व ठीक आहे’ एवढे सांगावे, नाहीतर खऱ्या संकटातील माणसासाठी लागणारा वेळ ते आपल्याला शोधण्यात घालवतील. सरकारचे ‘११२ इंडिया’ हे अ‍ॅपही आहे. त्यातून जवळपासच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांनाही हाक देता येते, पण त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.

आपण कुठे आहोत, हे आपल्या माणसांना दिसत राहणे

माझी धाकटी बहीण पुण्यात नोकरी करते आणि सणासुदीला स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने सांगलीला येते. बसमध्ये बसल्यावर ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकते. चॅटमधील जोडणीच्या चिन्हातून ‘लोकेशन’ आणि मग ‘शेअर लाइव्ह लोकेशन’ निवडले की पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात. रात्रीच्या प्रवासाला आठ तासांचा पर्याय घ्यावा. पहिल्या खेपेला काय झाले, तर मध्यरात्री ढाब्यावर गाडी थांबली आणि नकाशावरचा ठिपका अर्धा तास हलेना, तेव्हा आईच्या जिवाची घालमेल झाली. तेव्हापासून आमच्या घरात ठरलेले आहे: ठिपका वीस मिनिटांहून अधिक वेळ थांबला तर आधी फोन, फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा, आणि तरीही उत्तर आले नाही तर बसस्थानकाच्या चौकशी खिडकीला फोन. लोकेशन पाठवणे सोपे आहे. ते पाहणाऱ्याने केव्हा काय करायचे, हे आधी ठरवणे महत्त्वाचे.

दुसरी अडचण फोनच्या बॅटरीची. अनेक कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेले अ‍ॅप परस्पर बंद करतात आणि आपल्या नकळत लोकेशन जाणे थांबते. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप किंवा गूगल मॅप्सला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी, बॅटरी बचतीच्या यादीतून ते अ‍ॅप वगळावे आणि पॉवर बँक सोबत ठेवावी. आयफोन वापरणाऱ्यांसाठी ‘चेक इन’ ही सोय आहे: मुक्कामी पोहोचल्यावर ती घरच्यांना आपोआप कळवते आणि ठरल्या वेळेत पोहोचलो नाही तर त्यांना सावध करते. अ‍ॅपवरून रिक्षा किंवा टॅक्सी घेताना गाडीचा क्रमांक जुळवूनच बसावे आणि त्या अ‍ॅपमधील प्रवास शेअर करण्याचे बटण दाबावे.

लोकेशनच्या या सोयीला एक गंभीर बाजू आहे. एखाद्या स्त्रीवर पाळत ठेवण्यासाठीही हीच सोय वापरली जाते, बऱ्याचदा घरातल्याच माणसाकडून. म्हणून महिन्यातून एकदा गूगल मॅप्समधील ‘लोकेशन शेअरिंग’ उघडून आपले ठिकाण कोणाकोणाला दिसते आहे, हे पाहावे आणि नको असलेली नावे काढून टाकावीत. मागितले म्हणून ते कोणालाही द्यायलाच हवे, असे नाही.

गाडी चालवताना

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. मेसेज वाचायला चार सेकंद लागले, तर तेवढ्यात ती जवळपास ९० मीटर जाते, तीही चालकाची नजर रस्त्यावर नसताना. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने हेच अंतर १३० मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे ड्रायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी फोनमध्ये जे काही करायचे, ते गाडी सुरू करण्यापूर्वी करायचे, हा माझ्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ गाडीच्या ब्लूटूथशी किंवा गाडीच्या वेगाशी जोडता येते. मग गाडी चालू झाली की सूचना आपोआप गप्प होतात, आणि एकाच माणसाकडून लागोपाठ फोन आला तर तो वाजू देण्याची मुभाही ठेवता येते. तातडीचा निरोप चुकेल, ही भीती त्यामुळे उरत नाही.

रस्ता दाखवण्यासाठी फोन वापरण्यास कायद्याने मनाई नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने हातातील उपकरणाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी करता येतो. एरवी फोन हातात धरून गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ठिकाण आधी टाकावे, फोन स्टँडवर लावावा, आवाज मराठीत करून घ्यावा (गूगल मॅप्समध्ये ती सोय आहे) आणि वाटेत मार्ग बदलायचा असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी किंवा शेजारच्याला सांगावे. वेगमर्यादा आणि आपला वेग दाखवणारी सूचना मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये चालू करता येते. लांबच्या सरळ रस्त्यावर वेग नकळत वाढतो, तिथे तिचा खरोखर उपयोग होतो.

घाटांत रेंज जाते, पण जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी डाउनलोड केलेला असेल तर ठिपका बरोबर चालतो. निघण्याच्या आदल्या रात्री त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा. मात्र पावसाळ्यात वरंधासारखे घाट अनेकदा बंद ठेवले जातात आणि दरड कालच कोसळली असेल तर नकाशाला ते कळलेले नसू शकते. जवळचा म्हणून सुचवलेला अनोळखी रस्ता रात्री धरण्यापूर्वी चहाच्या टपरीवर एकदा विचारावे. विजांच्या हंगामात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या आसपास कुठे वीज पडते आहे हे दाखवते. दुचाकीवर असलेल्याने आडोसा केव्हा शोधायचा, हे त्यावरून ठरवता येते.

अपघात ओळखणारा फोन, आणि त्याच्या मर्यादा

२०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून पुढील फोनमध्ये आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मोटारीचा जबर अपघात ओळखण्याची सोय आहे. पिक्सेलमध्ये ती भारतात नोव्हेंबर २०२३ पासून मिळाली. वेगात अचानक झालेला बदल, फोनला बसलेला हिसका, आदळण्याचा आवाज अशा खुणा एकत्र जुळवून फोन अंदाज बांधतो, मोठ्याने इशारा देतो आणि आपण काही सेकंदांत उत्तर दिले नाही तर स्वतःच मदतीला फोन लावून ठिकाण कळवतो. पिक्सेलमध्ये ही सोय ‘पर्सनल सेफ्टी’ अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि लोकेशन व मायक्रोफोनची परवानगी द्यावी लागते.

पण ही सोय मोटारींसाठी बनवलेली आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच बाबतीत तिचा भरवसा कमी आहे. दुचाकीस्वारांनी तिच्यावर विसंबू नये. लाइव्ह लोकेशन आणि घरी सांगून ठेवलेली पोहोचण्याची वेळ हाच त्यांचा आधार. दुचाकीच्या हँडलला फोन लावायचा असेल, तर कंप शोषून घेणारा स्टँड घ्यावा, कारण जोरदार कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने दिलेला आहे.

रस्त्यात दुसरा कोणी पडलेला दिसला, तर

आधी आपली गाडी बाजूला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, मग ११२ किंवा १०८ ला फोन करावा. मॅप्स उघडून निळ्या ठिपक्यावर बोट ठेवले की ठिकाण दिसते. ते, आणि जवळचा किलोमीटरचा दगड, दोन्ही सांगावे. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीने थांबायचे टाळू नये, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि त्याच्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात, हेही रुग्णालयात आठवणीने सांगावे.

मग त्याचा फोन शोधून लॉक स्क्रीनवरील ‘इमर्जन्सी’ उघडून पाहावे. तिथे काहीच भरलेले नसेल, तर तो फोन बंद न करता रुग्णवाहिकेत त्याच्यासोबतच पाठवावा आणि वाजला तर उचला, असे सोबतच्या कर्मचाऱ्याला बजावून सांगावे. घरून कोणीतरी त्याला फोन करणारच असते.