एनडीपीएसमध्ये शिक्षा लागली, आता हायकोर्टात अपील? या चुका टाळा

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा; खालची नुसती कलमं त्यातलीच. अमली पदार्थ बाळगल्याची शिक्षा विशेष न्यायालयाने सुनावली की अपील थेट हायकोर्टात जातं. असल्या अपिलांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळतं की हे जुन्या फाइलीतून उचललंय. आरोपीचं नाव नवं, तालुका नवा. मुद्दे मात्र तेच, त्याच क्रमाने, टायपिंगच्या चुकांसकट. चरसाच्या खटल्यातल्या अपिलात ‘सदर गांजा’ असं छापलेलंही पाहिलंय.

कलम ५० ची पोपटपंची

नव्या वकिलांचं हे लाडकं कलम. अंगझडती घेण्याआधी पोलिसांनी आरोपीला सांगायला हवं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. ते सांगितलं नाही तर अंगावर सापडलेल्या मालाचा पुरावा ढासळतो. २०१० च्या विजयसिंह जडेजा निकालाने हे पक्कं केलंय. पण हे अंगझडतीपुरतं. पिशवी, गोणी, गाडीची डिकी म्हणजे अंग नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २००५ साली पवनकुमार प्रकरणात सांगितलं. अंगझडतीही झाली पण माल पिशवीतच मिळाला, तरी कलम ५० धावून येत नाही, हे २०२३ मध्ये रंजनकुमार चढ्ढा प्रकरणात स्पष्ट झालं. तरीही डिकीतून माल निघालेल्या केसमध्ये मुद्दा क्रमांक १ म्हणून कलम ५०! कोर्टाचा पहिलाच प्रश्न असतो, माल होता कुठे? उत्तर ‘डिकीत’ असं आलं की पुढच्या चांगल्या मुद्द्यांकडेही कोर्ट संशयानेच बघतं.

मसुद्याला हात लावण्याआधी जप्ती पंचनामा वाचा. सारांश नको, निकालपत्रातला उतारा नको, मूळ पंचनामा. गाडी खासगी असेल, आगाऊ खबर मिळालेली असेल, तर खरा मुद्दा कलम ४२ चा असू शकतो: खबर लिहून घेतली का, ७२ तासांत वरिष्ठाला पाठवली का. तो मुद्दा कित्येकदा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो.

‘सुटलो तर पूर्ण, नाहीतर काहीच नको’

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं आत बसतात.

एक गांजाची केस. एसटी स्टँडबाहेर माणूस दोन गोण्यांसह पकडलेला. पंचनाम्यातलं वजन २१ किलो ४०० ग्रॅम. गांजाचं व्यापारी प्रमाण २० किलोच्या वर सुरू होतं आणि तिथे किमान १० वर्षं सक्तमजुरी व किमान १ लाख दंड ठरलेला. न्यायाधीशाला खाली यायला वाव नाही. तेवढीच शिक्षा लागली होती. आधीच्या वकिलांनी अपिलात तीसेक मुद्दे घातले होते: केस खोटी, पंच पोलिसांचे, माल पोलिसांनीच ठेवला. वजनावर अवाक्षर नाही. मी विचारलं तेव्हा आरोपीचा भाऊ म्हणाला, “साहेब, वजनावर बोललो तर माल आमचाच होता असं कबूल केल्यासारखं होईल ना?”

होत नाही. पहिलं म्हणणं निर्दोष असल्याचं. ते न पटल्यास पर्यायी म्हणणं की व्यापारी प्रमाण सिद्ध झालेलं नाही. दोन्ही एकाच अपिलात सुखाने नांदतात.

पंच क्रमांक १ च्या उलटतपासणीत, अगदी शेवटी, दोन वाक्यं होती: ‘हे खरे आहे की, गोण्या रिकाम्या करून वजन केले नव्हते. हे खरे आहे की, मालात काड्या, पाने व बिया होत्या.’ खालच्या कोर्टातल्या वकिलाने कमाईची उत्तरं काढून ठेवली होती आणि युक्तिवादात तोच विसरला होता. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलं-फळं आलेल्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात मोजत नाहीत. शेंडे किती, बाकीचा पाला किती, गोणी किती, कुणी वेगळं केलंच नव्हतं. मुद्देमाल रजिस्टरमध्ये पंचनाम्यातला आकडा तसाच उतरवलेला, आणि रासायनिक विश्लेषकाकडे गेले ते फक्त नमुने.

आम्ही वाढीव मुद्दे दाखल करायची परवानगी मागितली. सरकारी वकिलांनी २०२० चा हिरासिंग निकाल पुढे केला. तो निकाल सांगतो की अमली पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असेल तर सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. पण गोणी हे काही मिश्रण नव्हे. कोर्टाने ताबा सिद्ध धरला, व्यापारी प्रमाण मात्र धरलं नाही. लहान आणि व्यापारी यांच्या मधल्या प्रमाणाला किमान शिक्षेचं बंधन नाही, १० वर्षं ही कमाल. त्यामुळे भोगली तेवढी शिक्षा पुरे असा आदेश झाला. घरच्यांना ‘निर्दोष’ हा शब्द हवा होता, म्हणून भाऊ थोडा नाराजच होता.

माझी सवय सांगतो. आडवा कागद घेऊन रकाने आखायचे: तारीख, वेळ, माल कुणाच्या हातात, वजन, सील कुणाचं, निशाणी (कोर्टात दाखल कागदाचा) क्रमांक. पंचनाम्यापासून सी.ए. म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालापर्यंत मालाचा प्रवास त्यात उतरवायचा. जी चौकट रिकामी राहते किंवा वरच्या चौकटीशी भांडते, तिथे अपिलाचा मुद्दा असतो. सॉफ्टवेअरने सारांश काढून आणणारे ज्युनियर हल्ली भेटतात. त्यांना मी तो सारांश बाजूला ठेवून कागद आखायला बसवतो. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

मेलेले निकाल जिवंत समजणं

मोहनलाल नावाचे सुप्रीम कोर्टाचे निकाल दोन आहेत. २०१६ चा मोहनलाल नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेण्याबद्दल, म्हणजे कलम ५२-अ. २०१८ चा मोहनलाल म्हणत होता की फिर्यादी अधिकाऱ्यानेच तपास केला तर आरोपी सुटतो. तो २०२० मध्ये मुकेशसिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी मोडीत काढला. लोक दुसरा मोहनलाल अजून बिनधास्त वाचून दाखवतात. पहिल्याचंही जपून: कलम ५२-अ पाळलं नाही एवढ्यावर सुटका नाही, असं जानेवारी २०२५ च्या भारत आंबळे निकालात आहे. त्या त्रुटीने मालाबद्दल शंका कशी निर्माण होते ते दाखवावं लागतं. ते दाखवायला पुन्हा तोच आखलेला कागद. उलट तोफानसिंग (२०२०) उपयोगी पडतो: एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही.

सस्पेन्शनची, म्हणजे शिक्षा-स्थगितीची घाई

“साहेब, अपील नंतर बघू, आधी बाहेर काढा.” समजू शकतो. पण व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ आडवं येतं: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण हवं, आणि बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही अशी कोर्टाची खात्री हवी. शिक्षा स्थगित करता येते हे २००० च्या दादू निकालाने मान्य केलं, पण कलम ३७ च्या चौकटीतच. साक्षी आणि निशाण्या हातात नसताना पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकला, की ‘प्रथमदर्शनी पुरावा भक्कम’ असं लिहून तो फेटाळला जातो आणि ते वाक्य पुढच्या अर्जाच्या मानगुटीवर बसतं. खालच्या वकिलाच्या फाइलीतून कागद गोळा करा, मग अर्ज. प्रमाण लहान किंवा मधलं असेल तर कलम ३७ ची ही अट लागू नाही. तिथे मात्र थांबू नका, नाहीतर अपील बोर्डावर यायच्या आधीच शिक्षा संपेल. आणि कोर्टाबाहेर ‘आठ दिवसांत बाहेर काढतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

मुदत ६० दिवसांची. नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो. घरात रुसवेफुगवे चालू होते तो होत नाही. उशीर झालाच तर विलंबमाफीच्या अर्जात खरं कारण लिहा. दर वेळी आईचं आजारपण नको.

निकालपत्राची पहिली प्रत आरोपीला फुकट मिळते. ती घरी कपाटात ठेवू नका, वकिलाला द्या.

१ जुलै २०२४ नंतरच्या अपिलात सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) ३७४ आणि ३८९, म्हणजे अपील आणि शिक्षा-स्थगितीची कलमं, छापून आणू नका. आता बीएनएसएसची (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची) कलमं ४१५ आणि ४३०.

स्थगितीच्या अर्जात दंडाचीही स्थगिती मागा. लोक विसरतात, आणि माणूस दंडापायी अडकतो.

नवे सीसीटीव्ही, नवे साक्षीदार घेऊन अपिलात येऊ नका. दार अगदीच बंद नाही, पण ‘तेव्हा का नाही आणलं’ याचं उत्तर तयार हवं.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. सवयीने मुंबईला धाव घेऊ नका.

वकिलाला पैसे नसतील तर तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं आणि हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. वकील फुकटचा म्हणून त्याला कागद न देणारे नातेवाईक बरेच आहेत. त्यालाही पंचनामा, साक्षी आणि सी.ए. अहवाल लागतोच.