प्रॅक्टिसला भारी पण मॅचला कच खाताय? या चुका टाळा

शूटिंगच्या, म्हणजे नेमबाजीच्या मॅचला हे नेहमी दिसतं. रेंजवर रोज एकामागून एक दहा, म्हणजे अगदी मधल्या गोलात मारणारी पोरगी फायनलला उभी राहते आणि पहिलाच शॉट आठ. मग घरचे म्हणतात मेहनत कमी पडली. मेहनत कमी नसते हो, गडबड शॉटआधीच्या त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टेन्शनमध्ये रोजची एखादी पायरी गाळणं. अमेरिकेचा मॅट एमन्स, २००४ अथेन्स ऑलिंपिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर बसून, प्रोन म्हणजे पालथं झोपून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून मारायचा इव्हेंट) याची फायनल, शेवटचा शॉट, आणि साधा ७.२ मारला असता तरी गोल्ड होतं. नेम धरताना तो आधी टार्गेटवरचा आपल्या लेनचा नंबर बघायचा आणि मग खाली काळ्या गोलावर यायचा, पण त्या दिवशी स्वतःला शांत करण्यातच इतका गुंतला की नंबर बघायचाच राहिला. गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. स्कोअर शून्य, थेट आठवा नंबर. म्हणून तुमच्या पायऱ्या कागदावर लिहून काढा, पाच-सहाच असू द्या, आणि प्रॅक्टिसच्या सगळ्यात फालतू शॉटलासुद्धा त्याच क्रमाने करा.

दुसरी चूक, धडधड बंद करायला बघणं. ती होत नाही, उलट वाढते. आपल्या कोल्हापूरचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये याच इव्हेंटच्या फायनलला उतरला तेव्हा पोटात गोळा आला होता, काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा. मॅचनंतर त्यानेच सांगितलं की काळीज जोरात धडधडत होतं, मी श्वास सांभाळला, वेगळं काही करायला गेलो नाही आणि स्कोअरबोर्डकडे बघितलं नाही. नीलिंगनंतर सहावा, प्रोननंतर पाचवा, आणि स्टँडिंगमध्ये वर येत ४५१.४ ला ब्राँझ! मला तर त्या ‘वेगळं काही करायला गेलो नाही’ मध्येच सगळं आलं असं वाटतं, कारण मोठी मॅच म्हणून नवी ग्रिप, नवा ब्रेकफास्ट, नवा स्टान्स असले प्रयोग करणारे खूप बघितलेत.

ऐनवेळी टेक्निकचा विचार करू नका. भाकरी थापणाऱ्या आईला विचारा कुठलं बोट कधी फिरतं, सांगत सांगत थापायला गेली की भाकरी फाटते. सवयीच्या कामात डोकं घातलं की हात अडखळतो. कोपर, खांदा, बोट असं सगळं मोजत बसण्यापेक्षा ‘हळू’ असा एकच शब्द मनात ठेवा.

प्रॅक्टिसलाही थोडं टेन्शन लागतंच. आठवड्यातून एकदा सगळ्यांना मागे उभं करून, आवाज करायला लावून, दहा शॉट मोजून मारा.

आणि पालकांनो, एक मॅच गेली म्हणून ‘ही मॅचची नाहीच’ असा शिक्का मारू नका, घरी जाताना गाडीत स्कोअर उगाळू नका. एमन्सचा २००८ ला बीजिंगमध्ये याच इव्हेंटला शेवटचा शॉट पुन्हा फसला, ४.४ लागला आणि हातातलं गोल्ड जाऊन चौथा आला. तरी २०१२ ला लंडनला परत तीच रायफल इव्हेंट खेळला. शेवटचा शॉट तिथेही ७.६ च लागला, पण या वेळी ब्राँझ घेऊनच घरी गेला.