मांगर झाडण्याआधी पाणी मारा: भातकापणीच्या दिवसांतला उंदीर-सल्ला

हळवे भात कापून झाले, गरवे उभे आहे आणि घरोघरी मांगर (पेंढा-सामान ठेवायची खोपी) आणि माळा रिकामा करण्याची घाई सुरू झाली आहे. गेल्या पावसाळ्यापासून बंद असलेला मांगर उघडला की कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते. त्या तिरिपीत हिराच्या झाडूच्या पहिल्याच फटक्याला उडणारी धूळ एकदा नीट बघा. तिच्यात उंदराच्या लेंड्यांचा आणि सुकलेल्या मुताचा भुगा असतो, आणि त्यातून हंता नावाचा विषाणू माणसाला लागू शकतो. झाडणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते आणि तिच्या तोंडावर फार तर पदर असतो.

उंदराचा ताप म्हटला की कोकणात लेप्टो आठवतो आणि ते बरोबरच आहे. लेप्टो ओल्यातून, भेगाळलेल्या पायांतून शिरतो. हंता विषाणू मात्र सुक्या धुळीतून, श्वासावाटे जातो. कोरियातल्या हंतान नदीवरून त्याला हे नाव पडले. पण या कुळातला थोट्टापालयम विषाणू 1964 मध्येच तमिळनाडूत वेल्लोरला चिचुंद्रीत सापडला होता. सेऊल नावाचा प्रकार तर बंदरांतल्या तपकिरी उंदरांबरोबर जगभर पोचला आहे.

हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात घर करतो. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. खेकड्यांनी पोखरलेला बांध आठवा. बांध उभा दिसतो, पण खाचरातले पाणी रात्रभर पाझरत राहते. इथेही पेशी मरत नाहीत, त्यांचे एकमेकींशी असलेले सांधे सैल होतात. विषाणूशी लढताना शरीर जी रसायने सोडते, तीही या सैलपणात भर घालतात. मग रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब उतरतो. आशिया-युरोपातल्या प्रकारांत मुख्य फटका मूत्रपिंडांना बसतो, तर अमेरिकेतल्या प्रकारांत फुफ्फुसांत पाणी भरते.

त्याच वेळी प्लेटलेट्स या बाधित अस्तराला चिकटून खर्ची पडतात. एरवी दीड ते साडेचार लाख असणारा आकडा झपाट्याने खाली येतो. रक्त गोठवणारी द्रव्येही संपत जातात. त्यामुळे एकाच माणसात बारीक गुठळ्या होतात आणि रक्तस्रावही होतो: डोळे लाल, कातडीखाली तांबडे ठिपके, हिरड्यांतून रक्त.

म्हणून अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आणून घेऊ नका. प्लेटलेट्स आणि मूत्रपिंडे दोन्ही आधीच अडचणीत असतात. डॉक्टरकडे जाईपर्यंत पॅरासिटामॉल पुरे. ‘एक सलाईन लावाच’ असा हट्टही धरू नका, पाझरत्या वाहिन्यांत जास्तीचे पाणी फुफ्फुसांत उतरू शकते. आणि ताप उतरला म्हणून पेशंटला शेतावर नेऊ नका. दाब पडतो तो बहुधा ताप उतरतानाच. लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी तालुक्याचे रुग्णालय गाठा. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा महिन्यापूर्वी माळा साफ केला होता हेही डॉक्टरांना सांगा.

आता मांगराचे काम. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. 10 लिटर पाण्यात 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा, वरचे निवळ पाणी लेंड्या पडलेल्या जागी, जुन्या पेंढ्यावर, बिळाच्या तोंडाशी शिंपडा आणि दहा मिनिटे मुरू द्या. मग ते सगळे ओले असतानाच भरा, झाडू नका, पुसून घ्या. हातात रबरी मोजे हवेत आणि तोंडाला एन-95 मास्क, पंचा या धुळीला पुरत नाही. त्या पाण्यात अ‍ॅसिड किंवा फिनेल मिसळू नका. मेलेला उंदीर हाताने उचलू नका, तोही आधी भिजवा आणि खोल पुरा.

पेंढ्याची उडवी घराच्या भिंतीला टेकवून रचायची सवय सोडायला हवी. उंदराला त्याहून चांगले बिऱ्हाड मिळत नाही. कणगी जमिनीपासून हातभर उंच ठेवा. बांधावरची बिळे संध्याकाळी चिखलाने बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू आहेत, विषारी आमिष फक्त त्यांतच खोल घाला. धामण दिसली तर तिला जाऊ द्या, तुमचेच काम ती करते. गरवे भात खळ्यावर यायच्या आत एवढे उरकता येते.