ग्रिम्सीच्या कड्यावर पफिन बघायला बसाल तेव्हा

आधी पायाखाली बघा, समुद्र नंतर. आइसलँडच्या उत्तरेला ४० किलोमीटरवरच्या ग्रिम्सी बेटावर मी जुलैत तीन दिवस राहिले. कड्याच्या काठचं गवत गादीसारखं मऊ दिसतं, पण आतून पोखरलेलं असतं. पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी तिथे दोन हात लांब बीळ करतो आणि जोडीचं वर्षाला एकच अंडं असतं. तुमचा पाय खचला तर घर गेलं, त्या जोडीचं वर्षही गेलं.

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दालविक गावाहून फेरी तीनेक तासांत पोचवते, पण रोज नसते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पफिन निघून जातात, तेव्हा उशीर नको.

वाटेत ध्रुवीय सुरय (आर्क्टिक टर्न) हे पक्षी लागतील. त्यांची अंडी जमिनीवर उघडीच असतात, त्यामुळे जवळ गेलात की थेट डोक्यावर झेपावतात आणि रक्त निघेल असं टोचतात. ते तुमच्या सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतात, म्हणून एक काठी डोक्यापेक्षा उंच धरा. वाट सोडू नका, थांबूही नका.

काठापासून लांब, पोटावर पडून बघा. ओल्या गवतावर अंथरायला जुना रेनकोट न्या. पहिल्या संध्याकाळी एक पफिन चोचीत पाच-सहा चंदेरी मासे आडवे धरून माझ्यासमोरून गेला, वळला, पुन्हा आला. मी हरखून फोटो काढत राहिले. पाचव्या फेरीला उमगलं, मी त्याच्या दारातच पडले होते आणि आत पिल्लू उपाशी होतं. सरपटत दहा पावलं मागे गेले. मिनिटभरात तो धप्पकन उतरला, मान वळवून दोन्हीकडे पाहिलं आणि बिळात शिरला. मासे घेऊन घिरट्या घालणारा पफिन दिसला, की कॅमेरा खाली ठेवा आणि मागे सरका. फोटो नंतरही मिळतो.

राखाडी पाठीचा फुल्मार हा समुद्रपक्षी काठावर शांत बसलेला दिसला, तरी जवळ जाऊ नका. घाबरला की पोटातलं कुबट तेल अंगावर उडवतो.

खालच्या कपारींत गिलेमॉट हे समुद्रपक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यांना घरटं नाही, अंडं नुसत्या खडकावर. तुम्ही काठावर अचानक उभे राहिलात किंवा ड्रोन उडवलात, तर सगळे एकदम उडतात आणि अंडी कड्यावरून खाली जातात. निघताना आधी सरपटत मागे या, कपारी दिसेनाशा झाल्या की मगच उठा.