भित्र्या कुत्रीला फिरायला नेताना

आमच्या कुत्रीचं नाव काळी, कारवानी या शिकारी जातीची. मामांनी मंगळवेढ्याहून आणली तेव्हा सात महिन्यांची होती, शेतावर वाढलेली. सोलापुरात आमच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड ऐकली की ती दारातच बसकण मारायची. त्याच महिन्यात माझी मोठी चूक झाली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं त्या संध्याकाळी मी तिला बाहेर काढलं. पहिला आवाज झाला, तिने मागे सरकत मान खाली घातली आणि रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला. दोन तासांनी एका रिक्षाखाली थरथरत सापडली.

म्हणून आधी पट्ट्याचं सांगते. कारवानी, मुधोळ या जातींच्या कुत्र्यांचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा फारसं रुंद नाही, त्यामुळे साधा पट्टा डोक्यावरून सहज निघतो. तो आवळून बांधला तर घशाला काचतो. अशा कुत्र्यांसाठी मार्टिंगेल कॉलर घ्या. तिला जोडून एक छोटा फास असतो; कुत्रं मागे ओढू लागलं की पट्टा ठरावीक मापापर्यंतच घट्ट होतो, पुढे नाही. घालून ओढून बघा: कानांवरून निघता कामा नये, आणि छोटा फास ज्यांतून जातो त्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर पट्टा सैल आहे. घरी आल्यावर ही कॉलर काढायची, फास कशात तरी अडकू शकतो. घरात साधा पट्टा, आत दोन बोटं जातील इतका, त्यावर आपला फोन नंबर. गळा आवळत जाणारी साखळी मात्र भित्र्या कुत्र्याला कधीच घालू नका. आधीच घाबरलेला जीव, त्यात दुखलं तर रस्ता म्हणजे दुखणं हेच तो शिकतो.

नवी कॉलर पहिले तीन-चार दिवस घरातच, जेवणाच्या वेळी घातली. मग उंबरठा, मग गल्ली. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे मी खिशात ठेवायचे. कडुलिंबापाशी काळी तुकडा खायची. चार पावलं पुढे, कारखान्याच्या भिंतीकडे, तोच तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवायची, ओठ चाटायची, शेपूट पोटाखाली. तिची हद्द तिथे होती. मग आम्ही कडुलिंबापाशीच थांबायचो. ती हुंगायची, मी गप्प उभी. ओढलं नाही, रागावले नाही. माग बंद असायचे त्या सुट्टीच्या दिवशी त्याच भिंतीजवळून दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या आठवड्यात माग चालू असताना ती आणखी पाच पावलं आली. एखाद्या दिवशी मागेही जायची, तेव्हा आम्हीही मागे जायचो. भटकी कुत्री दिसली की वाट बदला, सामना नको.

खाऊ साधाच असू द्या, पण द्राक्षं आणि बेदाणे कधीच नाही, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचलाच निघा. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजे नकोत. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, काळी आता कान उभे करून सिद्धेश्वर तलावापर्यंत येते. दारूकामाच्या दिवशी मात्र आम्ही आतल्या खोलीत, पंखा मोठ्याने लावून, तिच्याजवळ बसतो.